बया मुकी झाली तो पंधरवडा

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तो चहाला उकळी येईपर्यंतच टिकतो हेही माहीत आहे. त्यामुळे माझ्या चिडण्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. जाऊबाईंवर मात्र मी एकदा चांगली दोन दिवस चिडून होते. भांडण कम्प्युटरच्या प्रोग्रॅमवरून झालं असं माहेरी सांगितलं तेव्हा आईला खरंच वाटेना. तिच्या मते जावा भांडतात त्या स्वयंपाकघरावरून, नाहीतर सासूच्या कपाटावरून.

जाऊबाई म्हणजे थोरल्या दिरांची बायको. जालन्यात आमचं दोन मजली घर आहे. खाली ते, वर आम्ही. मी त्यांना ताई म्हणते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ताईंची नजर पूर्ण गेली. पण त्यांनी पदवी घेतली, एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागल्या आणि कम्प्युटर शिकल्या. त्यांच्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे, बाईच्या आवाजातला. त्या आवाजाला ताई 'बया' म्हणतात. बयाला त्यांनी इतकी भरधाव बोलायला लावलंय की आपल्याला नुसती किरकिर ऐकू येते, आणि ताई त्यातलं अख्खं पान ऐकून वर म्हणतात, "तिसऱ्या ओळीत तारीख चुकलीय."

तर या ताईंना खात्याची परीक्षा द्यायची होती. पास झालं की वरची जागा मिळते. मागच्या खेपेला त्यांनी ती लेखनिक घेऊन दिली होती. म्हणजे ताईंनी तोंडानं उत्तर सांगायचं आणि केंद्रानं दिलेल्या बाईनं ते कागदावर उतरवायचं. त्या खेपेला ताई नापास झाल्या. असं कसं झालं म्हणून त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून घेतली आणि मला वाचायला सांगितली. मी वाचत गेले. ताईंनी जिथं अर्धं पान सांगितलं होतं तिथं चार ओळी होत्या. एका ठिकाणी तर बाईनं नियमाचा क्रमांकच बदलला होता, तिला बहुतेक तोच बरोबर वाटला असेल. शेवटी ताई म्हणाल्या, "ही माझी उत्तरं न्हाईतच."

त्यानंतर दीड वर्ष त्यांनी एकच ध्यास घेतला. पेपर स्वतः लिहायचा, कम्प्युटरवर, स्वतःच्या बोटांनी. अर्ज केले, हेलपाटे घातले, आणि एकदाची परवानगी आली. सोबत तीन अटी होत्या. पहिली, हेडफोन आपला आणायचा. दुसरी, लिहायचं ते केंद्राच्या यादीतल्याच प्रोग्रॅमवर, आणि त्याच्या येऊ घातलेल्या नव्या आवृत्तीवर. तिसरी अट वाचून आम्ही पोट धरधरून हसलो. परीक्षार्थीच्या मशीनचा पडदा बंद ठेवावा, म्हणजे शेजारच्यांना उत्तरं दिसणार नाहीत.

"बरंय," ताई म्हणाल्या. "माझी कॉपी करायची तर आधी बया समजाया पाहिजे."

यादीतला प्रोग्रॅम ताईंच्या ओळखीचाच होता. लिहिण्याचा, तक्ते करण्याचा, फुकट मिळणारा. तो त्यांच्या लॅपटॉपवर टाकून दिला होता मस्तगडातल्या चाचांनी. चाचांचं तिथं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दाढी पांढरी, चष्मा कपाळावर, आणि गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारायची रीत. हा प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा, असं मी त्यांना पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले, "कुणाच्या बापाचा न्हाई, बेटा. सगळ्यांचा हाय. जगातले लोक आपापल्या घरून बनवतेत."

"मंग बिघडला तर धरायचं कुणाला?"

"आपल्यालाच," चाचा म्हणाले.

नवी आवृत्ती बाहेर पडायला तेव्हा दोन आठवडे होते. चाचांनी समजावून सांगितलं, की आवृत्ती यायच्या आधी तिची कच्ची प्रत सगळ्यांसाठी खुली करतात. ज्याला हौस असेल त्यानं ती आपल्या मशीनवर चालवायची, दोष सापडला की त्यांच्या यादीत कळवायचा. मला हे लगेच पटलं. मी बियाणं तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. बाजारात जायच्या आधी प्रत्येक लॉटचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, हाच माझा रोजचा धंदा. पेरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, हे जालन्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

ताईंना मात्र ते रुचलं नाही. "दानाच्या गायीचे दात मोजू नये," त्या म्हणाल्या. "लोकांनी फुकट दिलंय अन् आपण खोड्या काढायच्या?"

"आपा, या गायीचे दात मोजणं हेच दान हाय," चाचा ताईंना म्हणाले आणि कच्ची आवृत्ती त्यांच्या लॅपटॉपवर चढवून मोकळे झाले. परीक्षेआधी हात बसावा एवढाच आमचा हेतू होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी खालून हाक आली. "अगं, खाली ये जल्दी. बया मुकी झाली."

मी कणकेच्या हातानं खाली गेले. परीक्षेत उत्तरं एका टेबलात लिहायची होती. डाव्या चौकटीत प्रश्नाचा क्रमांक, उजवीकडे उत्तर. ताईंनी तसंच टेबल करून सराव सुरू केला, आणि टेबलात शिरल्या की बया गप्प. बाहेर आल्या की पुन्हा चुरूचुरू बोलायला लागते. आवाज नाही तर आपण कुठल्या चौकटीत आहोत तेच कळत नाही. पाचव्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या पुढं लिहिलं जाईल.

मी हात धुतले, लॅपटॉप पुढ्यात ओढला, पडदा लावला, बाणाची कळ दाबली. बया बोलली. पुढच्या चौकटीत गेले. बोलली. पूर्ण टेबल फिरून आले, अखंड बोलत होती.

"बोलतीय की, ताई!"

त्यांनी लॅपटॉप परत घेतला. मी वर गेले. पोळ्या अर्ध्या झाल्या नाहीत तोच पुन्हा हाक. पुन्हा खाली. पुन्हा माझ्या हातात बया शहाणी. असं त्या दिवशी चारदा झालं. चौथ्या वेळेला माझी भाजी करपली होती, आणि करपलेल्या भाजीच्या वासात माझ्या तोंडून निघून गेलं, "नाचता येईना अंगण वाकडं! तुम्ही कळ चुकीची दाबून राह्यल्या, ताई."

"वीस वरसं टायपिंग करून राह्यले मी," ताई एवढंच म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटून ठेवला. मग त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि मीही ताठ्यात. त्यांनी उगाच परीक्षेची धास्ती घेतलीय आणि खापर प्रोग्रॅमवर फोडतायत, अशी माझी खात्री होती.

चाचांनी मध्यस्थी केली. "आपा खोटं कशाला बोलतीन? तू कळव तर."

मग मी दोषांच्या यादीत तक्रार लिहायला बसले. इंग्रजीत लिहायचं होतं. माझं इंग्रजी बियाणांच्या अहवालापुरतं आहे, आणि तक्रार कशी लिहायची हे मला एकाच पद्धतीनं माहीत होतं, जी आपल्याकडे प्रत्येकाला शाळेपासून येते. मी अर्ज लिहिला. वर विषय: टेबलात गेल्यावर आवाज बंद होणेबाबत. मग आदरणीय महोदय. मग वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की माझ्या जाऊबाई अत्यंत हुशार व कष्टाळू असून त्यांची परीक्षा तोंडावर आली आहे. मागच्या लेखनिकेची सगळी हकीकत त्यात आली. तरी आपण या प्रकरणात जातीनं लक्ष घालावं ही नम्र विनंती. खाली आपली विश्वासू. कुठली कळ दाबली आणि नेमकं काय झालं हे त्या दीड पानात कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला उत्तर आलेलं होतं. लिहिणारा बाप्या की बाई, कुठल्या देशातला, काही कळत नव्हतं. जाऊबाईंना परीक्षेसाठी शुभेच्छा होत्या, आणि खाली तीन प्रश्न. काय केलं? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? मी तिन्हींची उत्तरं दिली, शिवाय प्रामाणिकपणे हेही लिहिलं की माझ्या हाताला तसं होत नाही. त्यावर उत्तर आलं की आमच्याकडेही होत नाही. आणि तक्रारीवर 'बंद' असा शेरा.

आता गंमत बघा. ताईंना आधी मीच हे सुनावलं होतं. पण परक्या माणसानं तेच म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या ताई खोटं बोलतात की काय? मी पंधरा ओळी झणझणीत लिहिल्या आणि पाठवायच्या आधी, शाबासकी मिळेल म्हणून, दुकानात जाऊन चाचांना दाखवल्या. चाचांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वाचलं, आणि सगळं पुसून टाकलं.

"गुस्सा लिहू नको. तो बी आपल्यासारखाच हाय, पगार न्हाई त्याला. गुस्सा वाचून त्यो काय दुरुस्त करील? त्याच्या मशीनवर दोष दिसला पाहिजे. त्यो दिसंल असा टप्पा लिही, आधी काय केलं, मागून काय केलं."

"टप्पाच सापडत नाही ना!"

"मंग दुसऱ्यांचे टप्पे बघ. शिकशील."

म्हणून मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर त्या यादीत घालवायला लागले. प्रोग्रॅम कसा लिहितात यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तिथं आमच्यासारख्यांना भरपूर काम होतं. एकच दोष चौघांनी चार तऱ्हांनी कळवलेला असायचा, ते ओळखून एकत्र बांधायचं. कुणी नुसतं 'चालत नाही' लिहून गेलेला असायचा, त्याला गोडीनं विचारायचं की बाबा, कुठं चालत नाही. कुणी टप्पे दिलेले असायचे, ते आपल्या मशीनवर जसेच्या तसे करून 'माझ्याकडेही होतं' किंवा 'होत नाही' एवढं लिहायचं. निवडलेलं धान्य आयतं हातात आलं की दुरुस्त करणाऱ्याचा वेळ वाचतो. मला ते काम आवडायला लागलं, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. शिकता शिकता माझ्या स्वतःच्या अर्जाची लाजही वाटायला लागली.

दिवस मात्र भराभर जात होते. आवृत्ती निघायला आठवडा उरला. शेवटच्या चार दिवसांत त्यांचा नियम असतो, की आता फक्त काम अडवून धरेल असाच दोष दुरुस्त करायचा, बाकीचं नंतर. ताईंनी सराव सोडला होता. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "घेईन लेखनिक. काय फरक पडतो?" हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की ऐकवत नसे.

आणि मग प्रयोगशाळेत एक साधी गोष्ट घडली. सोयाबीनचा एक लॉट माझ्या शेजारी काम करणारीच्या हातून नापास होत होता आणि माझ्या हातून पास. तेच दाणे, तोच कागद, तेच पाणी. आमच्या साहेबांनी आम्हा दोघींना न रागावता एक सांगितलं: ही कशी करते ते तू हिच्या शेजारी उभी राहून बघ, हात लावू नकोस. तासाभरात कळलं. ती गुंडाळ्या कपाटात आडव्या रचत होती, मी उभ्या. खालच्या गुंडाळ्यांत पाणी साचून दाणे कुजत होते.

मी तिथंच मोठ्यानं 'अगं बाई' म्हणाले. कारण ताईंच्या शेजारी हात न लावता मी एकदाही बसले नव्हते. दर वेळेला लॅपटॉप माझ्याकडे ओढून घेतला होता.

घरी आले ती सरळ खाली गेले. चप्पल काढता काढता म्हणाले, "ताई, माझं चुकलं. तुम्ही करा, मी नुसती बसते."

"कशाला? मला कुठं नाचता येतंय?"

"बोला, काय बोलायचं ते बोला. पण करा."

त्यांनी नाखुशीनंच लॅपटॉप उघडला. उघडल्याबरोबर त्यांचं बोट सवयीनं वरच्या ओळीतल्या एका कळीवर गेलं आणि पडदा काळा झाला. मी सवयीनं तो लावायला हात पुढं केला, आणि ताईंनी फटका मारला. अगदी बघितल्यासारखा बरोबर मनगटावर.

"पडदा कशाला विझवता?"

"न्हाईतर काय! लाइट कवा जाईल सांगता येतं का? पडदा विझवला की बॅटरी दीड घंटा जास्त चालती. अन् मला काय करायचाय उजेड? कुणासाठी जाळायचा?"

मी काळ्या पडद्यापुढं हातांची घडी घालून बसले. त्या टेबलात शिरल्या. बया मुकी. खरोखर मुकी. मी हळूच ती कळ दाबली. पडदा लागला, आणि बया जिथं होती तिथून बोलायला लागली. विझवला, गप्प. लावला, बोलली. आम्ही दोघी कळ दाबत होतो आणि ओरडत होतो. थोरले दीर बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं विंचू निघाला.

ताई हसून हसून डोळे पुसत होत्या. "म्हंजे तू बघत बसायचीस म्हून बोलायची ती! बघणारं माणूस असल्याबिगर बया तोंडच उघडत न्हाई!"

मी पण हसले, पण मला खूप लाज वाटली. अंगण खरंच वाकडं होतं. आणि वीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला मी कळ कुठली ते शिकवायला गेले होते.

दुसरी तक्रार सहा ओळींत बसली. टेबल करा. पडदा बंद करा. बाणाची कळ दाबा. आवाज यायला हवा, येत नाही. पडदा लावा, येतो. सकाळी उत्तर आलं तेच मुळी उद्गारचिन्हानं सुरू झालेलं. त्यांनाही दिसलं होतं! पडदा बंद असला की प्रोग्रॅम टेबलाच्या चौकटी रंगवायचं काम वाचवतो, आणि जे रंगवलं नाही ते बयाला कळतच नाही, असं काहीसं कारण होतं. मी नाचतच खाली ते वाचून दाखवलं. पण खाली आणखी एक ओळ होती. तूर्त पडदा चालू ठेवून काम करावे, आवृत्ती निघाल्यावर सवडीने दुरुस्त करू.

ताईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. केंद्राची तिसरी अट आम्हा दोघींना एकदमच आठवली. जिच्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो ती.

केंद्रावर जाऊन विचारायचं राहू नये म्हणून मी गेले. तिथले बाबू भले होते, चहा पाजला, पण म्हणाले, "यादी वरून आलीय, बाई. जुनं ठेवता येत न्हाई. पडद्याचं तर बिलकुल न्हाई, लोक तक्रारी करतेत." चाचांनी दुकानातल्या सगळ्या जुन्या मशीनींचे मॉनिटर एकेक करून बंद करून पाहिले. काहींवर बया बोलत होती, काहींवर मुकी. केंद्राच्या मशीनी कुठल्या जातीच्या निघतील हे कुणाला ठाऊक? दोष दुरुस्त झाला नाही तर ताईंच्या शेजारी पुन्हा एक बाई येऊन बसणार, एवढं मात्र पक्कं होतं.

"मी सांगते ते लिही," ताई म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या विनवणी सांगतील. त्यांनी सांगितलं ते असं: "आम्हाला पडदा लागत नाही. ज्यांच्यासाठी हा आवाज केलाय त्यांतल्या कुणालाच लागत नाही. तुमच्यातल्या एकानं तरी पडदा विझवून हा प्रोग्रॅम चालवून बघितलाय का? एकदा बघा. मग सवडीनं करायचं का लगेच, ते तुम्ही ठरवा." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. एकही शब्द गाळला नाही की बदलला नाही. पाठवायच्या आधी बयाकडून वाचून घेतलं, ताईंनी मान हलवली, मग पाठवलं. खाली चाचांनी आपल्या मशीनींची नोंद जोडली, कुठल्यावर होतं, कुठल्यावर नाही.

दिवसभर प्रयोगशाळेत माझं लक्ष नव्हतं. दुपारच्या डब्याला पाहिलं तर तक्रारीखाली ओळींवर ओळी वाढत होत्या. कुणी अंध शिक्षक कुठल्या तरी दूरच्या देशातून लिहीत होता, की मीही पडदा बंदच ठेवतो, मलाही होतंय, मला वाटलं माझंच चुकतंय. ते वाचून मला गलबलून आलं. त्याच्याही घरात माझ्यासारखी कुणी असणार. डोळस स्वयंसेवक पडदे विझवून बघत होते आणि 'माझ्याकडेही होतं' लिहीत होते. एकानं लिहिलं, की पाच मिनिटं पडद्याशिवाय काम करून पाहिलं, जमलं नाही, क्षमा असावी. संध्याकाळपर्यंत शेरा बदलला. हा दोष दुरुस्त झाल्याशिवाय आवृत्ती निघणार नाही.

पहिली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आली आणि ती वाईट निघाली. बया बोलायला लागली, पण प्रत्येक चौकट दोनदा. ताई म्हणाल्या, "आधी मुकी, आता बडबडी. मधलं काही हाय का त्यांच्याकडं?" मी हे थोडं सौम्य करून कळवलं. दुसरी दुरुस्ती आली ती चाचांनी स्वतः घरी येऊन चढवली. ताईंनी पडदा विझवला आणि तीन तास त्या टेबलाला असं काही पिळून काढलं, की मला त्या प्रोग्रॅमची दया आली. मोठं टेबल, छोटं टेबल, रिकामी चौकट, चौकटीत चौकट. चाचा आणि मी चहा पीत ऐकत होतो. बया कुठंही अडली नाही. शेवटी ताईंनी हेडफोन काढून गळ्यात टाकला आणि म्हणाल्या, "लिही. बराबर हाय."

आवृत्ती दोन दिवस उशिरा निघाली. मदत करणाऱ्यांच्या यादीत आमच्या तिघांची नावं होती. ताईंचं नाव बयाच्या तोंडून ऐकलं तर तिनं त्याचा पार चुथडा केला होता. चाचांनी ते पान छापून दुकानात लावलंय.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून ताईंना घेऊन गेले. दारावरच्या सरांनी यादी बघितली, ताईंच्या काठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "लेखनिक तुम्हीच का?"

"लेखनिक मीच," ताई म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या.

तीन तास मी बाहेर पायरीवर बसले. पाण्याची बाटली उघडत होते आणि न पिताच झाकण लावत होते. आतली मशीन कशी निघाली असेल? बया बोलत असेल ना? काही अडलं तर ताई हात वर करतील, पण कुणी येईल का? एरवी मी अशा वेळेला कुणावर तरी चिडते. तिथं चिडायलाही कुणी नव्हतं, नुसती भीती वाटत होती.

घंटा झाली. बाकीचे परीक्षार्थी प्रश्नपत्रिका फडफडवत, उत्तरं ताडून बघत बाहेर पडले. सगळ्यांत शेवटी ताई आल्या. मी धावत जाऊन हात धरला.

"मशीन कशी व्हती?"

"चांगली व्हती."

"अन् पेपर?"

"एक प्रश्न न्हाई आला. बाकी बरा गेला." मग चालता चालता त्या थांबल्या. "अर्धा घंटा उरला व्हता गं. पहिल्यापासून सगळं वाचून काढलं मी."

पेपर झाला की एकदा वाचून काढावा, हे शाळेपासून प्रत्येक बाई सांगत आल्या आणि मी कंटाळून कधी ऐकलं नाही. ताईंना ते नजर गेल्यापासून एकदाही करता आलं नव्हतं. सांगितलेलं दुसऱ्याच्या कागदावर गेलं की गेलं.

"मंग?" मी विचारलं.

"चार ठिकाणी चुकले व्हते. नीट केलं."

निकाल अजून यायचाय. पण मला तिथंच, भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत रडू फुटलं. मी आवाज दाबून धरला होता, तरी त्यांना कळलंच. त्यांनी माझा हात झटकला, मग पुन्हा धरला.

"रडायला काय झालं? चारच चुका व्हत्या."